पुस्तकांच्या कपाटामागचं दार: वजन, पिव्हट आणि फटींचा हिशोब

पुस्तकांचं कपाट दारासारखं फिरवणं फार अवघड नाही. ते बंद असताना दार आहे हे कळू न देणं अवघड आहे. दार ओळखू येतं ते फटीवरून, फटीतून झिरपणाऱ्या उजेडावरून, नाहीतर वजनाने खाली बसलेल्या कोपऱ्यावरून. म्हणून प्लाय कापण्याआधी दोन आकडे पक्के करायचे: भरलेल्या कपाटाचं वजन आणि फिरताना त्याच्या कोपऱ्यांना लागणारी जागा. बाकी सुतारकाम नेहमीचंच आहे.

खालची सगळी मापं एकाच उदाहरणाची आहेत: 800 मिमी रुंद, 2000 मिमी उंच, 200 मिमी खोल कपाट, आत म्हणजे लपवलेल्या खोलीकडे ढकलून उघडणारं, वर आणि खाली पिव्हटवर, म्हणजे एका उभ्या रेषेत बसवलेल्या दोन पिनांवर, फिरणारं. तुमचं दार वेगळ्या मापाचं असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आत उघडायचं की बाहेर?

शक्यतो आत. कपाट मागे जाणार असेल तर पुढची मोल्डिंगची पट्टी भिंतीच्या चौकटीवर कायमची ठोकता येते. ती सगळ्या फटी झाकते आणि कपाट थांबवायलाही तीच उपयोगी पडते. पुढून बिजागरी दिसत नाही, मूठ लागत नाही, पुढच्या फरशीवर ओरखडेही उठत नाहीत.

बाहेर उघडणारं कपाट तेव्हाच करा, जेव्हा आतली खोली इतकी लहान असेल की कपाट आत फिरूच शकत नाही. त्यात मोकळ्या बाजूची पट्टी कपाटावर बसते, बिजागरीच्या बाजूची मात्र भिंतीवरच ठेवावी लागते, नाहीतर फिरताना ती भिंतीत घुसते. बिजागरीची पिनही सगळ्यांत पुढच्या पृष्ठभागाच्या पुढे यावी लागते, म्हणजे ती थोडी तरी दिसणारच. साध्या बिजागऱ्यांवर एवढं वजन टांगलं की मोकळ्या कोपऱ्याखाली चाक लावायची वेळ येते. ते चाक काही महिन्यांत फरशीवर अर्धवर्तुळ उमटवतं आणि गुपित तिथेच संपतं.

आधी वजन

18 मिमी प्लायचं वजन चौरस मीटरला साधारण 12 किलो भरतं, 12 मिमीचं साधारण 8. आपलं रिकामं कपाट 40 किलोच्या आसपास जातं. पुस्तकांचं वजन मीटरभर ओळीला 20 ते 30 किलो धरा. जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची पुस्तकं असतील तर त्याहून जास्त. सहा कप्प्यांची मिळून साडेचार मीटरहून थोडी जास्त ओळ होते, 25 किलोच्या हिशोबाने ती 115 किलो. एकूण 155. म्हणजे पिव्हट किमान 200 किलोचा घ्या. 155 किलोसाठी 160 किलोचा घेणं ही कंजुषी नंतर महागात पडते, कारण सहा महिन्यांनी तुम्ही आणखी पुस्तकं कोंबणारच.

पिव्हट का, हे कळायलाही हेच आकडे उपयोगी पडतात. पिव्हटमध्ये सगळं वजन खालच्या बेअरिंगवर, तिथून सरळ जमिनीवर उतरतं. वरच्या पिनला फक्त आडवी ओढ सोसायची असते. कपाटाचा गुरुत्वमध्य आसापासून 360 मिमी लांब आणि दोन पिनांमधलं अंतर 2000 मिमी, तेव्हा ही ओढ 155 × 360 ÷ 2000, म्हणजे जेमतेम 28 किलो. बिजागऱ्यांमध्ये मात्र सगळं वजन चौकटीत आडव्या घुसलेल्या स्क्रूंवर टांगलेलं असतं आणि ते स्क्रू हळूहळू ढिले होतात.

कोपरे कुठून फिरतात

बहुतेकांचं काम इथेच फसतं. साधं दार 35 मिमी जाड असतं, म्हणून 3 मिमी फटीत फिरतं. 200 मिमी खोल खोकं तेवढ्या फटीत फिरणार नाही, कारण आसापासून त्याच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर सरळ अंतरापेक्षा जास्त असतं.

आस, म्हणजे पिव्हटची पिन, कपाटाच्या बाजूच्या कडेपासून 40 मिमी आत आणि मागच्या कडेपासून 30 मिमी पुढे धरा. मग तीन कोपरे तपासायचे.

पिव्हटच्या बाजूचा मागचा कोपरा: आसापासून 40 आणि 30, म्हणजे तिरकं अंतर बरोबर 50. बाजूला 10 मिमी जागा लागते. 12 ठेवा.

मोकळ्या बाजूचा पुढचा कोपरा: आसापासून 760 आणि 170. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर 778.8. सरळ अंतर 760, म्हणून जवळपास 19 मिमी जागा हवी. 22 ठेवा.

पिव्हटच्या बाजूचा पुढचा कोपरा: 40 आणि 170, तिरकं अंतर 174.6. हा कोपरा सुरुवातीला साडेचार मिलिमीटर पुढे येतो आणि पट्टीवर आपटतो. ही गोष्ट कागदावर सहज सुटते आणि कपाट बसवल्यावर ‘अर्धा इंच हलतं आणि अडकतं’ अशी तक्रार सुरू होते. उपाय सोपा आहे: त्या बाजूची उभी फळी पुढून 6 मिमी कमी रुंद कापायची, आणि पाया-माथ्याच्या फळ्यांचा तो कोपराही तेवढाच तासायचा.

खोली वाढवली की मोकळ्या बाजूची फट किती झपाट्याने वाढते ते पाहा. आस तीच ठेवून कपाट 120 मिमी खोल केलं तर तिथे फक्त सव्वापाच मिमीच्या आसपास लागतात. 250 मिमी केलं तर 31, आणि 300 केलं तर जवळपास 47. म्हणून आत 188 मिमी खोली पुरेशी समजा. नेहमीच्या कादंबऱ्या त्यात आरामात बसतात. ए-4 मापाच्या फायलींसाठी दार अवजड करण्यात अर्थ नाही, त्या शेजारच्या स्थिर कपाटात ठेवा.

आकड्यांवर भरवसा नसेल तर खोक्याच्या पायाएवढा, 800 × 200 चा पुठ्ठा कापा, आसाच्या जागी टाचणी टोचा, दोन्ही बाजूंना चौकटीच्या रेषा आखा आणि जमिनीवर फिरवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यात सापडलेली चूक फुकट दुरुस्त होते.

चौकटीची आतली रुंदी आता ठरली: 12 + 800 + 22 = 834 मिमी. उंची: खाली 12, कपाट 2000, वर 15, मिळून 2027. वरचे 15 मिमी उगाच नाहीत. कपाट उचलून खालच्या पिनवर ठेवायला ती जागा लागते.

जाण्यायेण्याची वाट किती उरते? कपाट काटकोनात उघडल्यावर स्वतः 222 मिमी अडवतं आणि पुढची पट्टी आणखी 40. उरतात सुमारे 570 मिमी. माणूस नीट जातो, पलंग जात नाही. आतल्या खोलीत मोठं सामान न्यायचं असेल तर ते आधी न्या, नाहीतर कपाट रुंद करा.

काय हात लावू नये

भिंतीत आधीच दाराची जागा असेल तर उत्तम. नवी फोडायची असेल, किंवा आहे ती रुंद करायची असेल, तर ती भिंत भार पेलणारी आहे की नाही हे अभियंत्याकडून पाहून घ्या. वर लिंटेल (भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई) नसताना भिंत फोडू नका. झोपायच्या खोलीतून बाहेर पडायची एकमेव वाट अशा दाराने झाकू नका. विजेचं मुख्य स्विचबोर्ड, गॅसचा किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह कपाटामागे गेला तर घाईच्या वेळी परक्या माणसाला तो सापडणार नाही. आणि आतून दार कुठल्याही किल्लीशिवाय, अंधारात, लहान मुलालाही उघडता आलं पाहिजे. या शेवटच्या अटीत तडजोड नाही.

सामान आणि कापणी

प्लायच घ्या. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) गुळगुळीत असतो आणि रंग छान घेतो, पण तो जड असतो आणि त्याच्या कडेत मारलेला स्क्रू त्याला चिरतो. या कपाटाचे सांधे रोज हिसके खातात, त्यामुळे कडेत स्क्रू धरून राहणं इथे महत्त्वाचं.

2440 × 1220 मिमीच्या 18 मिमी प्लायच्या एका शीटमधून कपाटाच्या सगळ्या फळ्या निघतात, जर लांबीच्या दिशेने सहा पट्ट्या पाडल्या तर: चार 188 रुंदीच्या, दोन 200 च्या. त्यातून:

- उभ्या फळ्या 2: 1928 × 188 (पिव्हटच्या बाजूची नंतर 182 करा)
- कप्प्यांच्या फळ्या 6: 776 × 188
- पाया 2 आणि माथा 2: प्रत्येकी 800 × 200
- पायाच्या वरची पुढची पट्टी 1: 764 × 54

मागची फळी 12 मिमी प्लायची, 1928 × 800. चौकटीसाठी 18 मिमीची दुसरी शीट लागते: 240 रुंदीच्या पट्ट्या, दोन-दोन चिकटवून 36 मिमी जाड. पुढची मोल्डिंगची पट्टी भरीव लाकडाची, 18 ते 20 मिमी जाड. उभ्या दोन 70 रुंद, आडवी 90 रुंद.

याशिवाय पिव्हटचा जोड (वरची पिन स्क्रूने आत-बाहेर होणारा), स्प्रिंगची कडी, सायकलच्या ब्रेकची आतली तार आणि तिचं आवरण, 3 मिमी जाडीची फेल्टची (नमद्यासारख्या दाट, मऊ कापडाची) पट्टी, ब्रशची पट्टी, 4 × 40 आणि 5 × 70 चे स्क्रू, लाकडाचा पांढरा डिंक.

खोकं जोडणं

उभ्या फळ्यांत कप्प्यांसाठी 18 रुंद आणि 6 मिमी खोल आडव्या खाचा राऊटरने पाडा. दोन्ही फळ्या शेजारी क्लॅम्पमध्ये धरून एकाच आखणीवर खाचा पाडल्या की कप्पे आपोआप समपातळीत येतात. कपाटाच्या तळापासून पहिल्या कप्प्याच्या फळीची खालची कड 90 वर, त्यापुढे प्रत्येक कप्प्यात 294 मिमी मोकळी उंची. नुसत्या स्क्रूवर कप्पे टांगू नका. खाच वजन पेलते, स्क्रूने फक्त सांधा धरून ठेवायचा.

पिव्हटच्या बाजूच्या फळीची पुढची 6 मिमी कड खाचा पाडून झाल्यावरच काढा, म्हणजे आखणी जुळवताना घोळ होत नाही.

पायाच्या दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून 36 मिमी जाड करा, तसाच माथा. उभ्या फळ्या पायावर उभ्या राहतात, पायाच्या कडेला चिकटत नाहीत. पिव्हट पायाखाली असतो, तेव्हा वजन फळीतून पायात आणि पायातून पिनवर सरळ उतरलं पाहिजे. बाजूने जोडलेला पाया फक्त स्क्रूच्या धरेवर उभा असतो, आणि पहिला तडा तिथेच जातो.

डिंक लावून जोडल्यावर, तो सुकण्याआधी, दोन्ही कर्ण मोजा. फरक 2 मिमीहून जास्त असेल तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून दाबा. मग मागची फळी सगळ्या कडांना आणि प्रत्येक कप्प्याच्या मागच्या कडेला डिंक लावून, दर 150 मिमीवर स्क्रू मारून बसवा. मोकळा कोपरा खाली बसू न देण्याचं काम ही मागची फळीच करते. मागे 4 मिमीची पातळ फळी खिळ्यांनी ठोकलेलं कपाट भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभं राहील, पण एका कडेवर फिरवायला घेतलं की महिन्याभरात समांतरभुज चौकोन होतं.

रंग किंवा पॉलिश आत्ताच, आडवं ठेवून करून घ्या. उभ्या फळ्यांच्या बाहेरच्या बाजू आणि चौकटीच्या आतल्या बाजू मात्र चमक नसलेल्या काळ्या रंगात रंगवा. फटीत डोकावणाऱ्या नजरेला मग तिथे फक्त सावली दिसते.

चौकट

भिंतीतली जागा चौकटीच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंना 10 मिमी मोठी असू द्या, म्हणजे 926 रुंद; उंची 2073. चौकट पाचरी मारून ओळंब्यात आणायची. पाचरी जोडीने, समोरासमोरून घालायच्या, म्हणजे फळी वाकत नाही. पिव्हटच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात आणि मोकळ्या बाजूला कडीच्या वर पाचरी हव्यातच. ओळंबा उभ्या फळीच्या दोन्ही दिशांनी लावा: भिंतीच्या सपाटीतही आणि खोलीच्या दिशेनेही. चौकट पिळवटलेली असेल तर कपाट एका कोपऱ्यात पट्टीला टेकेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहील.

चौकट 240 मिमी खोल आहे, भिंत त्याहून पातळ असेल तर मागचा भाग आतल्या खोलीत बाहेर निघेल. निघू द्या. कडीला तो भाग लागणार आहे.

कपाट फिरेल त्या सगळ्या जागेतली जमीन लांब सरळ पट्टी आणि लेव्हल ठेवून तपासा. आतली जमीन दाराच्या जागेपेक्षा 8 मिमी जरी वर असली तरी खालची 12 मिमी फट अपुरी पडेल. तेवढ्यासाठी फरशी घासण्यापेक्षा खालची फट वाढवा आणि तेवढंच कपाट कमी उंच करा.

पिव्हट बसवणं

दोन मापं लिहून ठेवा: पिव्हटच्या बाजूच्या चौकटीपासून 52 मिमी (12 फट + 40), आणि चौकटीच्या पुढच्या कडेपासून 173 मिमी (फेल्टचे 3 + 170). या जागी वरच्या फळीवर खूण करा, तिथून ओळंबा सोडा आणि तो स्थिर झाल्यावर जमिनीवर खूण करा. खालची खूण वेगळी मोजून काढू नका. चौकट कितीही काळजीने बसवली तरी दोनदा मोजलेल्या खुणा एका उभ्या रेषेत येतीलच असं नाही, ओळंबा मात्र येतोच.

दोन पिना उभ्या रेषेत नसतील तर काय होतं? दोन मीटरमध्ये 5 मिमी चूक असेल तर काटकोनात फिरेपर्यंत मोकळा कोपरा जवळपास 2 मिमी वर किंवा खाली जातो. शिवाय चांगल्या बेअरिंगवर कपाट स्वतःहून फिरायला लागतं, कधी उघडं राहत नाही, कधी बंद.

खालची पाटी काँक्रीटवर असेल तर अँकर फास्टनरने (काँक्रीटमध्ये फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने), फरशीतून भोक पाडत जा. हातोडीचा ड्रिल फरशीवर थेट चालवला तर ती तडकते, आधी काचेला भोक पाडायच्या किंवा डायमंड बिटने फरशी पार करा आणि मग साधा ड्रिल. जमिनीखालून पाण्याचा पाइप किंवा वायर गेलेली नाही याची खात्री आधीच करा. लाकडी जमिनीवर फळ्यांना स्क्रू मारणं पुरेसं नाही. खालच्या आडव्या तुळयांच्या मध्ये भरीव ठोकळा बसवून त्यात स्क्रू जायला हवेत.

पायाच्या खालच्या बाजूला पिव्हटची दुसरी पाटी बाजूपासून 40, मागून 30 या खुणेवर बसवा; माथ्यावरही तसंच. आता दोन माणसं घ्या. कपाट काटकोनात उघडं असेल तशा दिशेने आतल्या खोलीत उभं करा, पिव्हटची बाजू चौकटीत सरकवा, लांबचं टोक थोडं तिरकं धरून खालच्या पिनवर ठेवा, सरळ करा, आणि तिसऱ्या हाताने (हा हात आधीच ठरवून ठेवा) वरची पिन स्क्रूने चढवा. रिकामं कपाट 40 किलोचं असतं आणि वरची पिन बसेपर्यंत ते कुठेही पडू शकतं.

हळूहळू फिरवून पाहा. घासलं तर लगेच रंधा उचलू नका. घासलेल्या जागी खडू लावून पुन्हा फिरवा आणि कुठला कोपरा लागतो ते बघा. बहुतेक वेळा दोष चौकटीचा निघतो, एक पाचर कमी-जास्त केली की काम होतं.

आतल्या बाजूला जमिनीवर रबरी थांबा बसवा, साधारण 95 ते 100 अंशांवर. त्यापुढे, 105 अंशांच्या पलीकडे, कपाटाची पाठ चौकटीच्या मागच्या कडेवर टेकते आणि चौकटच तरफेसारखी पिव्हट उखडते.

कडी आणि पुस्तक

मोकळ्या बाजूला 22 मिमी फट आहे, त्यामुळे दाराच्या नेहमीच्या कडीची जीभ तिथे पोचणार नाही. आणि तिथे ठोकळा लावून फट कमी केली तर फिरणारा कोपरा त्यावर आपटतो. म्हणून कडी वर लावायची. कपाटाच्या पाठीवर, मोकळ्या कडेपासून सुमारे 100 मिमी आत, स्प्रिंगची कडी उभी बसवा, जीभ वर. चौकटीच्या माथ्याला मागच्या भागात 10 मिमी जाडीची पट्टी स्क्रूने लावा, डिंक नको, कारण कपाट कधी काढायचं झालं तर आधी तीच काढावी लागेल. फट आता 5 मिमी उरते, आणि जीभ 14 मिमी बाहेर निघत असली तर 9 मिमी पकड मिळते. जिभेचा उतार पुढच्या खोलीकडे हवा. उलटा बसला तर दर वेळी हाताने कडी ओढून दार लावावं लागतं.

ही कडी सोडवतं ते पुस्तक म्हणजे जुन्या पुस्तकाचं वेष्टन चिकटवलेला लाकडी ठोकळा. त्याच्या खालच्या पुढच्या कडेला लहान बिजागरी लावून कप्प्यावर बसवा, म्हणजे वरून ओढल्यावर तो पुढे झुकतो. बिजागरीपासून 120 मिमी उंचीवर मागून तार बांधा, त्याच उंचीवर मागच्या फळीत 6 मिमी भोक पाडून ती पाठीमागे न्या आणि आवरणातून कडीपर्यंत चढवा. ठोकळा 10 अंश झुकला की तार 21 मिमी ओढली जाते. कडीला 12 ते 15 लागतात. उरलेलं अंतर तारेच्या ढिलेपणासाठी. तार पाठीमागून नेण्याचं कारण दुरुस्ती. ती कधीतरी ताणली जाणार, तेव्हा पुस्तकं न काढता आतल्या खोलीतून ती घट्ट करता आली पाहिजे. तारेला एकदम काटकोनात वळवू नका, वळण 50 मिमी त्रिज्येपेक्षा लहान झालं की ती आवरणात अडकते.

पुस्तक ओढायचं आणि कपाट ढकलायचं, एवढीच क्रिया. आतून मात्र कडीलाच सरळ मूठ हवी, तारेवर अवलंबून नसलेली, आणि कपाटाच्या पाठीवर मीटरभर उंचीवर ओढायला पकड. विजेचं कुलूप लावायचा मोह होतो. लावलंत तर असं घ्या की वीज गेल्यावर ते सुटेल, आणि आतली यांत्रिक मूठ तरीही ठेवा.

कडी फक्त वरचा कोपरा धरते. खालचा मोकळा कोपरा फेल्टला नीट टेकावा म्हणून पायाजवळ एक जोरकस चुंबक पुरतो.

पट्टी, उजेड आणि शेजार

कपाट बंद करून, पुढची कड चौकटीच्या कडेपेक्षा 3 मिमी मागे आहे हे पाहून, मोल्डिंगची पट्टी चौकटीवर ठोका. पट्टीची आतली कड उभ्या फळीच्या आतल्या पृष्ठभागाशी एका रेषेत आणा: मोकळ्या बाजूला 40 मिमी आत (22 फट, 18 फळी), पिव्हटच्या बाजूला 30. म्हणजे फळीच दिसत नाही, दिसते फक्त पट्टी आणि तिच्या आत पुस्तकं. वरची 90 मिमी पट्टी 15 ची फट आणि माथ्याची जाडी दोन्ही झाकते. पट्ट्यांच्या मागे फेल्ट चिकटवा.

रात्री पुढची खोली पूर्ण अंधारी करा आणि मागच्या खोलीत दिवा जमिनीवर ठेवून लावा. जिथे उजेड दिसतो तिथे खडूने खूण करा, मग दिवा वर धरून पुन्हा पाहा. सगळ्यांत जास्त उजेड खालच्या 12 मिमी फटीतून येतो. तिथे पायाच्या मागच्या कडेला ब्रशची पट्टी लावा, रबरी नको, रबर फरशीवर रेघ ओढतो.

एकटं कपाट बोळाच्या टोकाला उभं असेल तर कितीही सफाईदार असलं तरी संशय येतोच. शेजारी दोन्ही बाजूंना तशाच मापाची, तशाच पट्ट्यांची स्थिर कपाटं असावीत, कप्प्यांच्या रेषा जुळलेल्या. मग पट्ट्यांच्या उभ्या रेषा सगळ्या भिंतीवर सारख्याच दिसतात आणि नजर एकीवर अडत नाही. ढकलायची जागाही ठरवून ठेवा: रोज त्याच फळीवर हात पडला की काही महिन्यांत ती चकाकते आणि बाकीच्या फळ्यांवर धूळ असते.

पुस्तकं भरताना

पहिल्यांदा भरताना दर दोन कप्प्यांनी दार उघडून-बंद करून पाहा. जड पुस्तकं खालच्या कप्प्यांत आणि पिव्हटच्या बाजूला. मोकळ्या कडेचा एक तृतीयांश भाग हलक्या वस्तूंसाठी. वजन आसाजवळ आलं की वरच्या पिनवरची ओढ कमी होते आणि दार ढकलायलाही हलकं जातं. कप्प्यांवर न घसरणारी जाळीदार चटई अंथरा. मोकळ्या टोकाची पुस्तकं थांब्यावर दार आदळलं की पुढे सरकतात, आणि कडेच्या बाहेर आलेलं पुस्तक पट्टीत अडकून दार बंदच होऊ देत नाही. शोभेच्या वस्तू दुतर्फा चिकटपट्टीने धरून ठेवा.

पूर्ण भरल्यावर मोकळा कोपरा एखाद-दोन मिमी खाली येणं अपेक्षित आहे; खालची फट तेवढ्यासाठी आहे. त्याहून जास्त आला तर आधी खालच्या पाटीचे स्क्रू पाहा, मग चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातली पाचर, आणि शेवटी मागच्या फळीचे स्क्रू. पावसाळी हवेत भरीव लाकडाची पट्टी फुगून घासायला लागली तर थांबा, हवा कोरडी झाल्यावर पुन्हा तपासा. त्या आठवड्यात रंधा मारला तर पुढे वर्षभर तिथे फट दिसेल. बेअरिंगला वर्षातून एकदा ग्रीस, तारेच्या आवरणात दोन थेंब तेल. पिव्हटच्या बाजूची 12 मिमी फट बोटं चिरडायला पुरेशी असते, घरात लहान मूल असेल तर आतल्या बाजूने तिथे कापडाची पट्टी ताणून लावा.